लहान मंडळीचं हंगामी वार्तापत्र: पहिल्या पानावर बातमी कोणाची?

सूचनावाचक

सर्वांना सलाम.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. नोंदवहीत 34 नावं, रविवारी हजर 22 ते 25. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या आहेत, त्यामुळे महिन्यातले दोनच रविवार ते आमच्याकडे असतात. उरलेल्या रविवारी वडील मंडळातले (मंडळीचा कारभार बघणारे ज्येष्ठ) लोक आळीपाळीने उपासना चालवतात. गेली नऊ वर्षं उपासनेतल्या सूचना मी वाचतो आणि वर्षातून तीनदा चार पानी वार्तापत्र काढतो: आगमनकाळाच्या (नाताळआधीचे चार रविवार) आधी, उपवासकाळाच्या (ईस्टरआधीचे सुमारे सहा आठवडे) आधी आणि पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतरचा सातवा रविवार) सुमारास. यंदा आगमनकाळ 29 नोव्हेंबरला सुरू होतोय, म्हणजे अंक 22 तारखेला तयार हवा. साचा ठरलेला आहे. पहिल्या पानावर पाळकसाहेबांचा संदेश, दुसऱ्यावर उपासनांच्या तारखा, तिसऱ्यावर संडे स्कूल आणि महिला मंडळ, चौथ्यावर हिशेब आणि वाढदिवस. इतकी वर्षं मला हा साचा पुरेसा वाटत होता.

यंदा 18 फेब्रुवारीला भस्म बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, होता. आमच्या एक काकू आहेत, वय 81. उजवीकडच्या दुसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसतात. त्या बुधवारी आल्या, कपाळावर राख लावून घेतली आणि जाताना मला म्हणाल्या, "या खेपेला अक्षर फार बारीक काढलंस रे." त्यानंतर पाच रविवार त्या दिसल्या नाहीत.

मी सूचना वाचायला उभा राहतो तिथून ती जागा समोरच दिसते. मला वाटलं, मुलीकडे गेल्या असतील. महिला मंडळाला वाटलं, पाळकसाहेबांना माहीत असेल. पाळकसाहेबांना वाटलं, आपण नसतो त्या रविवारी येत असतील. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, 29 मार्चला, संडे स्कूलची दोन मुलं एक झावळी घेऊन त्यांच्या घरी गेली. काकू खाटेवर होत्या. 20 फेब्रुवारीला न्हाणीघरात पडल्या आणि पायाचं हाड मोडलं. शेजारीण दोन्ही वेळचं बघत होती. उशाशी आमचाच अंक होता. घरोघरच्या प्रार्थनासभांच्या तारखांखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या, कुठली सभा आपल्या घराजवळ आहे ते बघून.

त्या पाच आठवड्यांत मी काय काय जाहीर केलं ते वहीत आहे. 6 मार्चचा जागतिक प्रार्थना दिन, बुधवारच्या सभा, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडे) गायनाचा सराव, खिडक्यांची रंगरंगोटी. सगळं वेळेवर आणि बरोबर. त्यात काकू कुठेच नव्हत्या. त्यांच्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडे आमची एक सभाही होऊन गेली होती.

म्हणून आता वाटतंय की अंकाचं पहिलं पान आजारी, घरात अडकलेल्या, बरेच दिवस न दिसलेल्या माणसांना द्यावं, नावानिशी. वडील मंडळात यावर दोन तट पडले आहेत. ज्यांच्या मंडळ्या आमच्यासारख्या लहान आहेत त्यांनी अनुभव सांगावा. आणि दुसरी विचारणा: सण तेवढेच आणि हात कमी, हे तुम्ही कसं निभावता?

मागचा_बाक

वाचताना पोटात कालवलं. आमच्याकडेही असंच घडलं होतं, फक्त आमच्या आजोबांना झावळी द्यायला कोणी पोचलं नाही.

तेव्हापासून एक नियम केला. आशीर्वचन झालं की दोघं जण दाराशी न जाता जागेवर थांबतात आणि बाक मोजतात. आकडा नको, जागा बघायची. लहान मंडळीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, रिकामी जागा लगेच कळते. सलग दोन रविवार रिकामी दिसली की सोमवारी फोन, बुधवारपर्यंत कोणीतरी घरी. आधी आम्ही तीन रविवार ठरवले होते, पण ज्याच्या घरात दुसरं कोणी नाही त्याच्यासाठी तीन आठवडे फार होतात.

हे काम पाळकसाहेबांवर टाकू नका. सगळ्यांचं काम म्हणून सोडून दिलंत तर मग ते कोणाचंच राहत नाही. दोन नावं ठरवा आणि दर हंगामाला बदला.

रात्रपाळी

सूचनावाचक, तुमची तळमळ कळते, पण नावानिशी छापू नका. निदान विचारल्याशिवाय तरी नाही.

मी परिचारिका आहे. काही वर्षांपूर्वी माझं एक ऑपरेशन झालं. कशाचं ते मी फक्त एका बहिणीला प्रार्थनेसाठी सांगितलं होतं. पुढच्या रविवारी उघड प्रार्थनेत माझं नाव आणि आजार दोन्ही घेतले गेले. घेणाऱ्याच्या मनात प्रेमच होतं, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण उपासनेनंतर लोक माझ्याशी बोलताना माझ्या पोटाकडे बघत होते. मी चार महिने गेले नाही. त्या चार महिन्यांत माझी जागा रिकामी का, हे विचारायला कोणी आलं असतं तरी मी दार उघडलं नसतं.

तोंडी सूचना हवेत विरते, छापलेला कागद राहतो. आता तर त्याचा फोटो निघतो आणि अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर परक्या गटांत पोचतो. मी पाळते ते सांगते. आधी स्वतः त्या व्यक्तीला विचारायचं, मुलांना किंवा सुनेला नाही. आजाराचं नाव कधीच लिहायचं नाही. "अमुक दोन महिने मुलाकडे जात आहेत" असंही छापायचं नाही, कारण त्याचा अर्थ घर रिकामं आहे असा होतो. लहान मुलांचे फोटो आईवडिलांच्या होकाराशिवाय नाहीत. आणि होकार देणाऱ्याला विचारायचं, "काय लिहू?" तो जे सांगेल तेवढंच.

सूचनावाचक

रात्रपाळी ताई, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आजाराचं नाव लिहू नये हे पटलं. पण मनात एक भीती आहे. सगळंच झाकून ठेवायचं म्हटलं तर आम्ही पुन्हा फेब्रुवारीतल्या जागी येतो. प्रत्येकाला वाटणार, दुसऱ्या कोणाला तरी माहीत असेल.

रात्रपाळी

नाही, दोन गोष्टी वेगळ्या करा. बघायचं सगळ्यांना, छापायचं विचारून. काकूंच्या बाबतीत चूक छपाईची नव्हतीच. बघण्यात चूक झाली.

जुनी_नोंदवही

धाग्याला धरूनच थोडं जुनं सांगतो, कारण हा प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे.

इ.स. 155 च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रोममध्ये होता. ख्रिस्ती लोक रविवारी जमून नेमकं करतात काय, हे त्याने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात सांगितलं आहे. एवढ्या जुन्या काळातलं रविवारच्या उपासनेचं इतकं सविस्तर वर्णन फार थोडं मिळतं. त्यात वाचन आहे, उपदेश आहे, प्रार्थना आहे, भाकर आणि प्याला आहे. आणि लगेच पुढे आहे की जे हजर नाहीत त्यांचा वाटा सेवकांच्या हाती त्यांच्या घरी पाठवला जातो. जमलेलं दान अध्यक्षाकडे ठेवतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची काळजी घेतली जाते.

म्हणजे गैरहजर माणूस त्या वर्णनात उपासनेच्या आतच आहे. उपासना संपल्यावर आठवायची ती गोष्ट नाही. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या (भाकर आणि प्याला वाटतात त्या) रविवारी वेदीवर एक लहान झाकणाचा डबा पहिल्यापासून सगळ्यांना दिसेल असा ठेवतात. तो कोणाकडे जाणार हे पाळक बोलून दाखवत नाहीत, पण तो उचलून बाहेर पडणारी दोन माणसं सगळी मंडळी पाहते. तो डबा नसेल त्या रविवारी लोक विचारतात, "आज कोणाकडे जायचं नाही का?"

चौथी_मेणबत्ती

आगमनकाळाबद्दल लिहिते, कारण आमची चूक तिथे झाली होती.

आगमनकाळाचं चक्र, म्हणजे दर रविवारी एकेक वाढवत मेणबत्त्या लावायचं कडं, सुरू केलं ते योहान हिन्रिक विखर्न यांनी, 1839 साली हॅम्बुर्गमध्ये. ते गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज विचारायची, तेव्हा त्यांनी गाडीचं चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या लहान लाल. घरी ज्यांची वाट बघणारं कोणी नाही अशा मुलांसाठी ते चाक होतं.

आम्ही मात्र दर रविवारी "एक कुटुंब पुढे येऊन मेणबत्ती लावेल" असं छापायचो. मी अकरा वर्षांचे जुने अंक काढून बघितले. आई, वडील, मुलं असलेली सहा घरं, तीच पुन्हा पुन्हा. तीन विधवा बहिणी, एक अविवाहित दादा आणि पत्नी दुसऱ्या धर्माची म्हणून एकटेच येणारे एक भाऊ, यांना एकदाही बोलावलेलं नव्हतं. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. "कुटुंब" या शब्दानेच त्यांना बाहेर ठेवलं.

गेल्या वर्षी आम्ही शब्द बदलला. पहिली मेणबत्ती त्यातल्या एका बहिणीने लावली. हात थरथरत होता, काडी दोनदा विझली. संडे स्कूलमधली एक चिमुरडी आपणहून पुढे गेली आणि तिने दोन्ही तळवे काडीभोवती धरले. तिसऱ्या काडीला वात धरली.

पांढरी_चार

हात कमी असण्याबद्दल. मी वादक आहे, गायनवृंदात आम्ही सहा जण. त्यातले दोघे महिन्यातून एकदा येतात.

2023 आठवतंय ना? 24 डिसेंबरलाच चौथा रविवार आला होता. सकाळी चौथी मेणबत्ती, संध्याकाळी नाताळची पूर्वसंध्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नाताळ. तीन उपासना, तेच सहा गळे. नाताळच्या सकाळी आमची मुख्य गायिका पहिल्याच गीताला बसली, आवाजच फुटेना. नाताळ सोमवारी आला की असं होतं, म्हणजे 2028 ला पुन्हा होणार. यंदा नाताळ शुक्रवारी आहे, चौथा रविवार 20 तारखेला, त्यामुळे मध्ये श्वास घ्यायला जागा आहे.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी सोडून दिल्या आणि मंडळीचं गाणं सुधारलं. चार आवाजांत गाण्याचा हट्ट सोडला, सगळे एका सुरात गातो. पट्टी उतरवली. पुस्तकातली पट्टी शिकवलेल्या गळ्यासाठी असते, साठीच्या पुढच्या गळ्यांना वरचा सूर झेपत नाही आणि मग लोक ओठ हलवत उभे राहतात. काळी तीनचं गीत पांढरी एकवर आणलं तेव्हा मागच्या बाकांवरून आवाज आला, तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. संपूर्ण आगमनकाळात नवीन गीत एकच, तेही चारही रविवार. पहिल्या रविवारी फक्त आम्ही गातो, चौथ्याला आम्ही गप्प बसलो तरी चालतं.

अंकात सरावाच्या तारखांसोबत गीतांचे क्रमांकही छापा. घरी असलेले लोक त्याच रविवारी तेच गीत म्हणतात. आमच्याकडच्या एका आजोबांनी मला हे सांगितलं. दहा वाजता ते खिडकीशी बसून पुस्तक उघडतात.

हिशेबनीस

चौथ्या पानावर दात्यांची नावं आणि रकमा छापत असाल तर बंद करा. लहान मंडळीत कोणी किती दिलं हे सगळ्यांना दिसतं आणि कमी देणारा पुढच्या वेळी घरीच थांबतो. या आगमनकाळापासून रविवारच्या बायबल-वाचनांच्या तीन वर्षांच्या क्रमात मार्कच्या शुभवर्तमानाचं वर्ष सुरू होतंय. त्याच शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गरीब विधवेची दोन नाणी आहेत, जी येशूने सगळ्यांच्या दानाहून मोठी म्हटली. एकूण जमा, एकूण खर्च आणि दुरुस्तीला किती कमी पडतंय, एवढं स्पष्ट लिहिलं की पुरतं.

वेदीसेवक

पुढच्या अंकासाठी आत्ताच नोंद करून ठेवा. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणून भस्म बुधवार 10 फेब्रुवारीला येतोय. नाताळपासून तिथपर्यंत अवघे 47 दिवस. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो आणि त्याच्या मागे सगळा उपवासकाळ सरकतो, त्यामुळे "गेल्या वर्षी याच सुमारास" हे गणित चालत नाही. शेजारी ग्रीक किंवा रशियन ऑर्थोडॉक्स कुटुंबं असतील तर त्यांचा ईस्टर 2 मे रोजी असेल, तेही अंकात द्या.

राखेबद्दल थोडं सविस्तर, कारण हे काम मीच करतो. ही राख झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या गेल्या वर्षीच्या झावळ्यांची करतात. त्या खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओलसर असल्या की नुसता धूर होतो. उघड्यावर, लोखंडी भांड्यात, कात्रीने बारीक तुकडे करून जाळायच्या. पूर्ण गार झाल्यावर चुरायचं आणि बारीक चाळणीने दोनदा चाळायचं, नाहीतर कपाळाला टोचतं. ढीगभर झावळ्यांची राख जेमतेम चार चमचे निघते, पण 34 कपाळांना ती पुरून उरते. लावताना कोरडी लावा किंवा ऑलिव्ह तेलाचे दोन थेंब टाका. पाणी घालू नका. त्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात, पाण्याशी मिश्रण अल्कधर्मी होतं आणि कातडी चुरचुरते, कधी भाजतेही. म्हाताऱ्या माणसांची आणि बाळांची कातडी नाजूक असते.

आता मुख्य मुद्दा. त्या झावळ्या घरोघरी असतात. त्या गोळा करायला जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी आणि एक तरुण प्रत्येक घरी जातो. "झावळी द्या" एवढंच काम. पण त्या निमित्ताने दार उघडतं, आपण आत बसतो, आणि कोणाच्या घरात काय चाललंय ते न विचारता कळतं. झावळ्यांच्या रविवारी नवीन झावळी पोचवायला पुन्हा जातो. वर्षातून दोन फेऱ्या कॅलेंडरनेच दिल्या आहेत. तुमच्या संडे स्कूलच्या मुलांनी त्यातली एक केली, म्हणून काकू सापडल्या.

दूरचा_बाक

मी फक्त वाचक म्हणून लिहितोय. नोकरीसाठी घरापासून लांब आलो, इथे मोठी मंडळी आहे, शेकडो लोक, छान गायन. पण आमच्या लहान मंडळीचा अंक आई अजून फोटो काढून पाठवते.

मी तारखा वाचत नाही, मला त्यांचा उपयोग नाही. मी माणसं शोधतो. गेल्या अंकात एक ओळ होती, "घंटेचा दोर बदलला, जुना दोर 19 वर्षं टिकला." तो दोर मी लहानपणी ओढायचो, त्याला लोंबकळून पाय वर उचलायचो. ज्यांनी मला उचलून पहिल्यांदा तो हातात दिला त्यांचं नाव त्या ओळीत नव्हतं. ते आता येतात का, बरे आहेत का, काही कळलं नाही. शेवटी आईला फोन करून विचारलं. तिला माहीत नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन आली.

मागचा_बाक

हे वाचून आमच्या आजोबांची आठवण झाली. दोराच्या ओळीत नाव घाला, सूचनावाचक. असल्या नावांना कोणी हरकत घेत नाही, उलट वाट बघतात.

सूचनावाचक

सगळ्यांचे आभार. तीन दिवस हा धागा पुन्हा पुन्हा वाचला आणि काल वडील मंडळाच्या बैठकीत वाचूनही दाखवला.

ठरलं ते असं. आजाऱ्यांची यादी छापणार नाही. मात्र दर हंगामाला बाकांकडे बघणारी दोन माणसं असतील आणि त्यांची नावं फोन नंबरासकट दारावर लावू. नंबर अंकात येणार नाहीत. आगमनकाळासाठी एक नाव माझं आहे, ते मी मागून घेतलं. आमच्या अंकातही "एक कुटुंब मेणबत्ती लावेल" असंच छापत आलो होतो, ते काढलं. तिसऱ्या पानावर गीतांचे क्रमांक येतील. पट्टी उतरवायचं वादकांना सांगितलं, ते म्हणाले की ते स्वतःच विचारणार होते, धीर होत नव्हता. दात्यांची यादी बंद करण्यावर मात्र एकमत झालं नाही, तो विषय वार्षिक सभेत येईल.

आणि अंक आता बाकांवर ठेवायचा नाही. 34 प्रती, 34 दारं, हातोहात. संडे स्कूलची मुलं आणि त्यांच्याबरोबर एकेक मोठं माणूस. पहिली फेरी 22 नोव्हेंबरला उपासनेनंतर लगेच.

आज सकाळी काकूंकडे जाऊन आलो. आता त्या काठी घेऊन घरात फिरतात, पायऱ्या जमत नाहीत. रात्रपाळी ताईंनी सांगितलं तसं त्यांनाच विचारलं, "पहिल्या पानावर तुमच्याबद्दल काय लिहू?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पडले वगैरे काही लिहू नकोस. लिही की मला बुधवारी दुपारी मार्क वाचून दाखवायला कोणीतरी हवं आहे. एक अध्याय पुरे. आणि अक्षर मोठं कर."

ती ओळ पहिल्या पानावर वरच घेतली आहे, अठराच्या अक्षरात. पाळकसाहेबांचा संदेश तिच्या खाली आला. पहिल्या बुधवारी मी जातोय. नंतरच्या तीन बुधवारांपुढे रिकाम्या जागा छापल्या आहेत, नाव लिहायला.